सर्व्हरचा टाइमआउट: साठचे तीनशे करण्याआधी

वागळे इस्टेटमधील एखादी छोटी सॉफ्टवेअर कंपनी ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांसाठी देखभाल शुल्काची ऑनलाइन सेवा चालवते, असे समजू. सभासद मोबाईलवरून बिल पाहतात आणि भरतात. संस्थांचे खजिनदार मार्चअखेरीस थकबाकीचा अहवाल काढतात. नेमक्या त्याच दिवसांत अहवालाच्या पानावर बराच वेळ चक्र फिरत राहते आणि शेवटी ‘५०४ गेटवे टाइमआउट’ असा निरोप येतो. तक्रारींचे फोन सुरू झाले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो: एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वाट पाहण्याच्या मुदतीत साठ सेकंदांच्या जागी तीनशे लिहायचे, सर्व्हर रीलोड करायचा आणि विषय मिटला असे समजायचे. हा उपाय कधीकधी लागू पडतो. बऱ्याचदा मात्र तो दुखणे वाढवतो, कारण साठ हा आकडा नेमके काय मोजत होता आणि तो कोणासाठी राखला होता, हे आकडा बदलणाऱ्याने तपासलेले नसते.

मुळात सर्व्हरला मुदत घालावी का लागते, येथून सुरुवात करणे योग्य ठरेल. दोन संगणकांमधील टीसीपी (इंटरनेटवर मजकूर पोहोचवण्याचा नियमसंच) जोडणी म्हणजे दोघांनीही आपापल्या स्मृतीत ठेवलेली एक नोंद असते. मधली तार सतत जिवंत आहे का, हे कोणी पाहत बसलेले नसते. ठाणे सोडून कल्याणकडे निघालेली एक्स्प्रेस गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते, तेव्हा बिल भरण्यासाठी अर्धवट विनंती पाठवलेला फोन अचानक गप्प होऊ शकतो. बोगदा सुमारे सव्वा किलोमीटरचा आहे, म्हणजे ताशी साठ किलोमीटर वेगाने तो ओलांडायला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतो. रेंज गेली तर फोनला ‘मी जोडणी बंद करतो आहे’ असे सांगण्याची संधीच मिळत नाही. सर्व्हरच्या बाजूने पाहिले तर काहीच घडलेले नसते: जोडणी उघडी आहे, समोरचा बोलत नाही, एवढेच. तो बोगद्यातून बाहेर पडून पुन्हा बोलेल, की प्रवाशाने फोन बंद करून खिशात ठेवला आहे, हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग नाही.

यावर खुद्द टीसीपीमध्ये उपाय आहे, पण तो फार संथ आहे. लिनक्सवर जोडणी जिवंत आहे का हे पाहणारी कीपअलाइव्ह तपासणी चालू केली, तरी मूळ सेटिंगनुसार पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जाते. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा उत्तराची वाट पाहिली जाते. सर्व्हर स्वतः काही पाठवत असेल आणि समोरून पोच येत नसेल, तर लिनक्स मूळ सेटिंगनुसार सुमारे पंधरा मिनिटे तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. वेब सेवेच्या दृष्टीने हा फारच मोठा काळ आहे. म्हणूनच वेब सर्व्हरला स्वतःची घड्याळे लावावी लागतात.

घड्याळे असे अनेकवचन मुद्दाम वापरले आहे, कारण या विषयातील बहुतांश गोंधळ ‘टाइमआउट’ ही एकच गोष्ट आहे असे मानण्यातून होतो. एका विनंतीच्या आयुष्यात जोडणी उघडणे, हेडर (विनंतीच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळी) येणे, मजकूर येणे, मागच्या प्रोग्रॅमने काम करणे, उत्तर परत जाणे आणि त्यानंतर जोडणी पुढच्या विनंतीसाठी उघडी राहणे असे टप्पे असतात. यातील प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे घड्याळ असते, ते वेगळ्या शांततेवर लक्ष ठेवते आणि त्याची मुदत संपल्यावर होणारा परिणामही वेगळा असतो.

एनजिनएक्समध्ये विनंतीचे हेडर संपूर्ण येण्यासाठी ‘क्लायंट हेडर टाइमआउट’ असतो आणि त्याचे मूळ मूल्य ६० सेकंद आहे. त्या वेळात सगळे हेडर आले नाहीत, तर सर्व्हर ४०८ क्रमांकाचा निरोप देऊन विनंती संपवतो. मजकुरासाठी असलेल्या ‘क्लायंट बॉडी टाइमआउट’चे मूळ मूल्यही ६० सेकंदच आहे, परंतु तो मोजतो ते निराळे: संपूर्ण अपलोडला लागलेला वेळ तो पाहत नाही, लागोपाठच्या दोन वाचनांमधील खंड पाहतो. संस्थेच्या सचिवाने इतिवृत्ताची दहा एमबीची स्कॅन केलेली प्रत मंद नेटवरून चढवली आणि त्यास आठ मिनिटे लागली, तरी मध्ये कधीही साठ सेकंद पूर्ण शांतता पडली नसेल, तर हे घड्याळ वाजणार नाही. त्यामुळे ‘मोठ्या फाइली चढत नाहीत’ अशा तक्रारीवर या घड्याळाची मुदत वाढवणे हा क्वचितच इलाज असतो. दोष बहुधा फाइलच्या आकारमर्यादेत किंवा मागच्या प्रोग्रॅममध्ये सापडतो. उत्तर पाठवतानाचा ‘सेंड टाइमआउट’ही याच पद्धतीने दोन लेखनांमधील खंड मोजतो.

हेडरच्या घड्याळाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, याचे कारण २००९ साली रॉबर्ट हॅन्सन यांनी जगासमोर आणलेल्या ‘स्लोलोरिस’ या साधनाने दाखवून दिले. त्याचे तंत्र अतिशय साधे होते. शेकडो जोडण्या उघडायच्या, प्रत्येकीवर अर्धवट हेडर पाठवायचे आणि थोड्या थोड्या वेळाने आणखी एकेक ओळ पाठवत राहायचे, पण शेवटची कोरी ओळ कधीच पाठवायची नाही. ज्या सर्व्हरमध्ये प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया किंवा थ्रेड अडकून पडत असे, तेथे एका साध्या संगणकावरून आणि अगदी थोड्या बँडविड्थमध्ये संपूर्ण सेवा ठप्प होत असे. तिकीट खिडकीवर सर्वांत पुढे असलेला माणूस एकेक नाणे काढून मोजत बसला, तर खिडकी उघडी असूनही मागची रांग तसूभर सरकत नाही, तशीच ही अवस्था. तो माणूस गप्प नसतो, म्हणून केवळ शांतता मोजणारे घड्याळ त्याला हटवू शकत नाही; त्याच्या संपूर्ण व्यवहारालाच मर्यादा घालावी लागते.

अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या ‘रिक्वेस्ट रीड टाइमआउट’ची मूळ मांडणी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. २.४ मालिकेत हेडरसाठी सुरुवातीला २० सेकंद दिले जातात. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक ५०० बाइटमागे एक सेकंद वाढवून मिळतो, पण कमाल ४० सेकंदांपर्यंतच. मजकुरासाठीही २० सेकंद आणि ५०० बाइटमागे एक सेकंद असा हिशेब आहे, मात्र तेथे वरची मर्यादा नाही. याचा अर्थ असा की, जो प्रामाणिकपणे पण संथ गतीने पाठवतो आहे त्याला वेळ मिळत राहतो, आणि जो केवळ जागा अडवून बसला आहे त्याला बाहेर काढले जाते. माझ्या मते ‘अमुक सेकंद’ म्हणण्यापेक्षा ‘किमान अमुक गती’ म्हणणे ही अधिक न्याय्य पद्धत आहे, विशेषतः जेथे बरेचसे वापरकर्ते लोकलच्या गर्दीत उभे राहून मोबाईल नेटवर काम उरकतात. एनजिनएक्स वापरणाऱ्यांनी हेडरची मुदत दहा ते पंधरा सेकंदांवर आणावी. हेडर सहसा काही केबीचेच असतात आणि वाईट नेटवरही तेवढा वेळ त्यांना पुरतो.

आता ज्या आकड्यावरून चर्चा सुरू झाली, त्याकडे वळू. एनजिनएक्स पुढे उभा असतो आणि खरे काम मागचा पीएचपी, पायथन किंवा नोडचा प्रोग्रॅम करतो. या दोघांमध्येही घड्याळे असतात. जोडणी जुळण्यासाठीची मुदत वेगळी, उत्तराची वाट पाहण्याची वेगळी. मूळ मूल्य दोन्हींचे ६० सेकंद. यातील पहिली मुदत साठ सेकंद ठेवण्याचे कारण मला कधीच पटलेले नाही. वेब सर्व्हर आणि मागचा प्रोग्रॅम महापे किंवा ऐरोलीच्या एकाच डेटा सेंटरमध्ये असतील, तर त्यांच्यातील जोडणी एका मिलिसेकंदाच्या आत जुळायला हवी. ती पाच सेकंदांत जुळली नाही तर साठ सेकंदांत जुळण्याची आशा नसते. तरीही ही मुदत एक सेकंदावर आणणे चुकीचे ठरेल. लिनक्समध्ये जोडणीचे पहिले पॅकेट हरवले, तर ते पुन्हा पाठवण्याआधी सुमारे एक सेकंद थांबले जाते आणि दुसऱ्यांदा हरवले तर आणखी एक-दोन सेकंद. म्हणजे एका सेकंदाच्या मुदतीत एक पॅकेट हरवले तरी विनंती फसते. चार-पाच सेकंदांत मात्र दोन पॅकेटे हरवूनही ती तरते. आकडा असा कारणातून यावा.

उत्तराची वाट पाहण्याची मुदत, म्हणजे ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’, हाच बहुतेक ५०४ निरोपांचा उगम असतो. तीही दोन वाचनांमधील खंडच मोजते. पण अहवालासारख्या कामात प्रोग्रॅम सगळी आकडेमोड संपेपर्यंत एक अक्षरही पाठवत नाही, म्हणून व्यवहारात ती संपूर्ण कामाची मुदत ठरते. ती साठवरून तीनशेवर नेल्याने काय होते, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, एखाद्या व्यवस्थेत एका वेळी सरासरी किती कामे अडकलेली असतील, हे कामे येण्याचा दर आणि प्रत्येक कामास लागणारा वेळ यांच्या गुणाकाराइतके असते. आपल्या सेवेत पीएचपीच्या पन्नास प्रक्रिया आहेत असे धरू. बिल पाहण्याच्या विनंत्या सेकंदाला वीस येतात आणि प्रत्येकीस पाव सेकंद लागतो. त्यांना सरासरी पाचच प्रक्रिया पुरतात. मार्चअखेरीस दर पाच सेकंदांना एक अहवाल मागितला जातो. अहवालास नव्वद सेकंद लागत असतील, तर त्यात अठरा प्रक्रिया गुंततात आणि सेवा चालू राहते. डेटाबेसवर ताण वाढून तोच अहवाल तीनशे सेकंदांवर गेला, की साठ प्रक्रिया लागतात, आहेत पन्नास. त्या क्षणापासून अहवाल तर मिळत नाहीच, पण पाव सेकंदात उघडणारे बिलाचे पानही रांगेत अडकते. मुदत वाढवणाऱ्याने अहवाल मागणाऱ्यांसाठी बिल भरणाऱ्यांना वेठीस धरलेले असते.

येथे एक गोष्ट नजरेतून सहज सुटते. एनजिनएक्सची मुदत संपली आणि त्याने वापरकर्त्याला ५०४ दिला, म्हणून मागचे काम थांबत नाही. पीएचपीला समोरचा निघून गेला आहे हे काही लिहायला जाईपर्यंत कळत नाही, आणि डेटाबेसला तर तेही कळत नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालूच राहते. पीएचपीची ‘मॅक्स एक्झिक्युशन टाइम’ ही तीस सेकंदांची मूळ मर्यादा या बाबतीत अनेकांची फसगत करते, कारण लिनक्सवर ती केवळ स्क्रिप्टचा स्वतःचा वेळ मोजते आणि डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ‘स्टेटमेंट टाइमआउट’चे मूळ मूल्य शून्य, म्हणजे अमर्याद आहे. आता खजिनदार कंटाळून पान पुन्हा लोड करतात. पहिली क्वेरी चालू असतानाच तीच क्वेरी दुसऱ्यांदा सुरू होते, मग तिसऱ्यांदा, आणि ज्या डेटाबेसच्या संथपणामुळे हे सर्व सुरू झाले, तो आणखी संथ होत जातो.

म्हणून मुदती लावताना सर्वांत आतून सुरुवात करावी. डेटाबेसच्या क्वेरीला सर्वांत लहान मुदत, प्रोग्रॅमला त्याहून थोडी जास्त, एनजिनएक्सला त्याहून जास्त, पुढे विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारा लोड बॅलन्सर असेल तर त्याला त्याहूनही जास्त आणि मोबाईल ॲपला सर्वांत जास्त. उदाहरणार्थ, क्वेरीला वीस सेकंद, प्रोग्रॅमला पंचवीस, एनजिनएक्सला तीस, असा क्रम लावता येईल. आतल्याची मुदत आधी संपली, तर नेमके काय अडले हे माहीत असलेला घटक ‘अहवाल सध्या तयार होऊ शकत नाही’ असे समजण्याजोगे उत्तर देऊ शकतो आणि बाहेरच्या सर्वांना ते वेळेत पोहोचते. क्रम उलटला, तर बाहेरचा घटक आधी निघून जातो आणि आतले काम कोणाहीसाठी नसताना चालत राहते.

उलटलेला क्रम लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, स्पष्ट दिसतो. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची निष्क्रियतेची मूळ मुदत ६० सेकंद आहे. त्याच्या मागे असलेल्या एनजिनएक्सवर कोणी तीनशे सेकंद लिहिले, तरी वापरकर्त्याला साठाव्या सेकंदाला ५०४ मिळतच राहतो. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये मात्र ५०४ ऐवजी ४९९ हा आकडा दिसू लागतो. हा क्रमांक एनजिनएक्सने स्वतःपुरता ठरवलेला आहे आणि ‘उत्तर तयार होण्याआधी समोरच्याने जोडणी तोडली’ असा त्याचा अर्थ होतो. ४९९ च्या ओळींमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम’ पुन्हा पुन्हा बरोबर साठाच्या आसपास येत असेल, तर कंटाळलेली माणसे शोधू नयेत. माणसे अकराव्या, तेविसाव्या, सदतिसाव्या सेकंदाला कंटाळतात. सगळे एकाच सेकंदाला निघून गेले, तर ते एखाद्या यंत्राचे घड्याळ असते. त्याचप्रमाणे एरर लॉगमधील ‘अपस्ट्रीम टाइम्ड आउट’ या ओळीचा शेवट नीट वाचावा. तेथे ‘व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम’ असेल, तर मागचा प्रोग्रॅम जोडणीच स्वीकारत नाही. ‘व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर’ असेल, तर त्याने काम घेतले आहे पण उत्तर दिलेले नाही. दोन्ही ठिकाणी वापरकर्त्याला ५०४ च दिसतो, इलाज मात्र पूर्णपणे वेगळे आहेत.

निष्क्रिय जोडणीच्या मुदतीला हा क्रम लागू होत नाही. तेथे तो नेमका उलटा लावावा लागतो. एक विनंती पूर्ण झाल्यावर जोडणी लगेच न तोडता पुढच्या विनंतीसाठी उघडी ठेवली जाते. एनजिनएक्स ती ७५ सेकंद ठेवतो, अपाची ५ सेकंद. नोडच्या सर्व्हरची मूळ मुदतही अनेक वर्षे ५ सेकंद राहिली आहे. आता लोड बॅलन्सर साठ सेकंद जोडणी राखतो आणि मागचा नोड पाचव्या सेकंदाला ती बंद करतो, असे झाले तर काय होईल? बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण बंद झाल्याची सूचना लोड बॅलन्सरला मिळते आणि तो नवी जोडणी उघडतो. पण कधीतरी नोडने जोडणी बंद करण्याचा आणि लोड बॅलन्सरने तिच्यावर नवी विनंती पाठवण्याचा क्षण एकच येतो. दोन्ही पॅकेटे वाटेत एकमेकांना ओलांडतात, विनंती बंद दारावर आदळते आणि वापरकर्त्याला ५०२ (मागच्या सर्व्हरकडून योग्य उत्तर न मिळाल्याचा निरोप) मिळतो. हजारो विनंत्यांमध्ये एखादीच अशी सापडते, ताण नसतानाही सापडते, आणि प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये तिचा मागमूस नसतो, कारण ती प्रोग्रॅमपर्यंत पोहोचलेलीच नसते. जो विनंती पाठवतो त्यानेच निष्क्रिय जोडणी आधी बंद करावी, हा यावरचा नियम. लोड बॅलन्सर साठ सेकंदांचा असेल, तर मागच्या सर्व्हरला पासष्ट किंवा सत्तर द्यावेत.

पैशांच्या व्यवहारात मुदत संपण्याचा अर्थ विशेष काळजीने लावावा लागतो. टाइमआउट झाला म्हणजे काम झाले नाही, असे मुळीच नाही. उत्तर वेळेत आले नाही, एवढेच त्यातून कळते. सभासदाने तीन हजार रुपये भरले, नोंदही झाली, पण पोच परत येताना गाडी बोगद्यात शिरली, तर त्याच्या पडद्यावर अपयशच दिसणार आणि तो पुन्हा बटण दाबणार. एनजिनएक्सने १.९.१३ आवृत्तीपासून पोस्ट प्रकारच्या (माहिती पाठवणाऱ्या) विनंत्या, एकदा मागे पाठवल्यावर, आपण होऊन दुसऱ्या सर्व्हरकडे पुन्हा पाठवणे बंद केले, ते याच कारणासाठी. ती खबरदारी सेटिंग बदलून काढून टाकू नये. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, पैसे भरण्याचे पान उघडतानाच प्रत्येक भरण्यासाठी एक स्वतंत्र क्रमांक तयार करावा, तो विनंतीबरोबर पाठवावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास नवा भरणा न करता आधीच्याच भरण्याचे उत्तर द्यावे. हे केल्याशिवाय मुदत कितीही ठेवली, तरी कोणाचे तरी पैसे दोनदा कापले जाणारच.

आणि तो थकबाकीचा अहवाल? ज्या कामास खरोखरच नव्वद सेकंद लागतात, ते काम जोडणी उघडी ठेवून करूच नये. मागणी आली की ती रांगेत नोंदवावी, २०२ क्रमांकाने ‘स्वीकारले’ एवढेच तत्काळ कळवावे, काम वेगळ्या प्रक्रियेने पार पाडावे आणि पानाने दर काही सेकंदांनी ‘झाले का’ असे विचारावे किंवा तयार फाइल खजिनदारांना ईमेलने पाठवावी. हे तातडीने जमणार नसेल, तर निदान अहवालाच्या पत्त्यापुरताच एनजिनएक्समध्ये वेगळा ‘लोकेशन’ विभाग लिहून तेवढ्यालाच मोठी मुदत द्यावी आणि त्यासाठी पीएचपीचा सहा-आठ प्रक्रियांचा स्वतंत्र गट राखावा. मग अहवाल रखडले तरी बिलाची पाने रखडणार नाहीत. वेबसॉकेटच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना केव्हाही बोलता यावे म्हणून उघड्या राहणाऱ्या, जोडण्यांनाही असाच अपवाद लागतो. त्यांच्यावर साठ सेकंद शांतता राहिली तर एनजिनएक्स त्या तोडतो, म्हणून मुदत वाढवण्याबरोबर दर तीस सेकंदांनी एक छोटा पिंग पाठवणे उत्तम.

प्रत्यक्ष आकडे ठरवण्यापूर्वी लॉगच्या रचनेत एकूण वेळ, मागच्या प्रोग्रॅमशी जोडणी जुळण्याचा वेळ आणि त्याच्या उत्तराचा वेळ या तिन्ही गोष्टी नोंदवायला सुरुवात करावी. किमान एक महिनाअखेर त्यात यायला हवी, कारण बिले त्याच सुमारास भरली जातात. सरासरीवर विसंबू नये. शंभरातील नव्व्याण्णव विनंत्या किती वेळात संपतात ते पाहावे आणि मुदत त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवावी. बदल केल्यावर मुद्दाम चाळीस सेकंद झोपणारे एक चाचणीपान सर्व्हरवर ठेवून ते मागवावे आणि कितव्या सेकंदाला नेमका कोणता घटक कोणता क्रमांक देतो, ते लॉगमध्ये पडताळावे. रीलोड केल्यानंतर एनजिनएक्सच्या जुन्या प्रक्रिया हातातील विनंत्या संपेपर्यंत जुन्याच सेटिंगने चालू राहतात, आणि वेबसॉकेटसारख्या लांबलेल्या जोडण्या असतील तर त्या तासन्‌तास टिकू शकतात. म्हणून चाचणीसाठी दर वेळी नवी जोडणी उघडावी आणि ‘वर्कर शटडाउन टाइमआउट’ लिहून जुन्या प्रक्रियांनाही एक मुदत घालून द्यावी.